रियाजाचं अ‍ॅप: फुकट वापरणाऱ्यांकडे पैसे कधी आणि कसे मागावेत?

तंबोरी

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. आतेभाऊ आणि मी मिळून रियाजासाठी एक अ‍ॅप केलंय. कोड तो लिहितो, कुठल्या पडद्यावर काय असावं आणि ते कसं दिसावं हे मी बघते. अ‍ॅपमध्ये तानपुरा आहे, तबल्याचे ठेके आहेत आणि आपला रियाज रेकॉर्ड करून ठेवायची सोय आहे. तानपुऱ्याचा आवाज आमच्या घरच्या मिरजेच्या तंबोऱ्यावरून भरलाय. चारही तारा सुट्या रेकॉर्ड केल्यात, त्यामुळे पहिली तार पंचम, मध्यम किंवा निषाद अशी हवी तशी लावता येते.

वापरणारे वाढताहेत, पण पैसे देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रेकॉर्डिंग साठवायला सर्व्हर लागतो आणि त्याचं बिल दर महिन्याला येतं. असंच चाललं तर वर्षभरात गाशा गुंडाळावा लागेल.

सध्या असं आहे: फुकटात तानपुरा दहा मिनिटं चालतो, मग बंद पडतो. पडदाभर कार्ड येतं, 'विनाखंड रियाजासाठी प्रीमियम घ्या, महिना ९९ रुपये'. ते बंद केलं की पुन्हा दहा मिनिटं. आतेभाऊ म्हणतो, कार्ड पाच मिनिटांवर आणू, म्हणजे लोक कंटाळून घेतील.

परवा मावशीकडे गेले होते. ती सकाळी सहाला बसते. फोन पेटीवर ठेवला होता, काळी चारच्या सुरातला तानपुरा चालू होता आणि ती मंद्र पंचमावर डोळे मिटून स्थिरावली होती. तेवढ्यात तानपुरा थांबला. तिचा सूर क्षणभर तसाच राहिला, मग हलला. डोळे उघडून तिनं चष्मा चाचपला, कार्ड बघितलं, कोपऱ्यातली फुली शोधली. फुली आम्ही मुद्दाम फिकट आणि बारीक ठेवलेली आहे. ती काही बोलली नाही. फोन पालथा ठेवला, पेटीचा सा दाबला आणि त्यावर गात राहिली. अ‍ॅप माझं आहे हे तिला माहीत होतं.

मी घरी आले ते हेच डोक्यात घेऊन. पैसे तर हवेत. मागायचे कुठे?

सुपरकॉरिडॉर

तंबोरी ताई, मी इंदूरचा. सात वर्षं हेच काम करतोय, म्हणजे अ‍ॅपमध्ये पैसे मागायचा पडदा कुठे यावा आणि त्यावर काय असावं ते ठरवणं. आतेभावांचं म्हणणं अगदीच चूक नाही. अडवल्याशिवाय कोणी पैसे देत नाही हे त्यांना बरोबर कळलंय. चूक अडवायच्या जागेत आहे.

वेळेची मर्यादा कुठे चालते बघा. झूमच्या फुकट खात्यात मीटिंग ४० मिनिटांची असते. मीटिंगला ते चालतं, कारण तिला तशीही वेळ ठरलेली असते आणि तुटली तर सगळे पुन्हा जोडले जातात. शिवाय गैरसोय दहा जणांसमोर होते, म्हणून ऑफिस पैसे भरतं. तुमच्या मावशी एकट्या बसल्यात. ऑफिस नाही, घाई नाही. आणि सूर तुटला तर तो जोडून घ्यायला पुन्हा वीस मिनिटं जातात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माणूस तुमच्याकडे आला तीच तुम्ही मोडताय, आणि मग ती दुरुस्त करून द्यायचे पैसे मागताय.

मी प्रत्येक नवीन कामात पहिला प्रश्न हाच विचारतो: वापरणाऱ्याची गरज कधी वाढते? भिंत तिथे घालायची. वाटेत नाही, वाट जिथे रुंद होते तिथे. गाण्यात गरज कधी वाढते ते मला ठाऊक नाही. ते इथल्या गाणाऱ्यांनी सांगावं.

दालबाजार

माझा डाळीचा व्यापार, अ‍ॅपमधलं मला कळत नाही. पण वानगी कळते. गिऱ्हाइकाला तूरडाळीची वानगी देताना चार दाणे देऊन चालत नाही. घरी नेऊन एक वेळचं वरण शिजवून बघता येईल एवढी द्यावी लागते. शिजते कशी, किती वेळ घेते, चव कशी, हे त्याशिवाय कसं कळणार? दहा मिनिटांचा तानपुरा हे चार दाणेच झाले.

दुसरं, आपोआप पैसे कापणं. मागच्या वर्षी नातीसाठी एक शिकवणीचं अ‍ॅप घेतलं. सात दिवस फुकट म्हणाले. आठव्या दिवशी सबंध वर्षाचे कापले गेले. बंद करायचा पर्याय सापडेना, फोनवर कोणी बोलेना. पैसे गेले त्यापेक्षा फसलो याचं जास्त लागलं. तेव्हापासून 'फ्री ट्रायल' असं दिसलं की मी ते अ‍ॅपच काढून टाकतो. माझ्या वयाचे पुष्कळ जण असंच करतात. तुमच्या अ‍ॅपचं गिऱ्हाईक याच वयाचं असेल तर याचा विचार करा.

काळी_चार

मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, गायन विषय घेतलाय. तुमचंच अ‍ॅप वापरते!! तानपुरा खरंच खूप गोड आहे, इतर अ‍ॅपसारखा पत्र्याचा वाटत नाही.

पण खरं सांगू का, मी दोन फोनवर ते टाकलंय. एक थांबला की दुसरा लावते. वर्गातल्या निम्म्या मुली असंच करतात. प्रीमियम घ्यावंसं वाटलं नाही असं नाही. माझ्या फोनवर यूपीआय नाही, आईच्या फोनवर आहे. तिला 'दर महिन्याला कापले जातील' म्हटलं की ती नाहीच म्हणते. एकदा भरून वर्षभराची चिंता मिटेल असं काही असतं तर वाढदिवसाला मागून घेतलं असतं.

जनकगंज

तंबोरी, बेटा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. चाळीस वर्षं गाणं शिकवतोय. सुपरकॉरिडॉर यांनी विचारलं त्याचं उत्तर मी देऊ शकेन.

गाण्यात गरज पायरीपायरीने वाढते. नवा विद्यार्थी पहिलं वर्षभर सा लावतो, पलटे घोटतो. त्याला तानपुरा हवा, आणि फार तर मध्यलयीतला तीनताल. हे त्याला अखंड मिळालंच पाहिजे. ग्वाल्हेरमध्ये तर त्याचे पैसे मागूच नयेत असं माझं मत आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने या शहराला संगीताचं शहर म्हटलं, आणि इथल्याच पोराच्या कानात सूर जाताना मध्ये दुकान उघडायचं, हे मनाला पटत नाही.

दोन-तीन वर्षांनी तो मोठ्या ख्यालाकडे येतो. आपल्या ग्वाल्हेर गायकीत विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल तिलवाडा, झुमरा, एकताल या तालांत गातात. इथे त्याची पंचाईत होते. तबलजी रोज घरी येत नाही. सोळा मात्रांचा तिलवाडा घे. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, चौसष्ट सेकंदांचं होतं. एवढ्या लांब आवर्तनात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नेमकं यायला शिकायचं तर ठेका घड्याळासारखा हवा, आणि एका मात्रेत किती जागा आहे ते ऐकू येईल असा भरलेला हवा. फोनमध्ये तीनतालाचा वेग नुसता कमी केला की तो ओढल्यासारखा वाजतो, बोल तुटतात. कोणी विलंबित तिलवाडा आणि झुमरा स्वतंत्र वाजवून घेऊन नीट भरला असेल तर त्याचे पैसे मी आनंदाने देईन. माझ्याकडचे मोठे विद्यार्थीही देतील, कारण तो शोधून मिळत नाही.

तुझ्या अ‍ॅपमध्ये झुमरा आहे का?

तंबोरी

काका, आहे. आतेभावाच्या मित्राने वाजवला, तो तबला शिकतो. चौदा मात्रांचा झुमरा आणि तिलवाडा दोन्ही विलंबितात वेगळे रेकॉर्ड केलेत, वेग कमी करून नाही. पण ते सगळं आत्ता फुकट आहे! आम्ही कुलूप तानपुऱ्याला लावलं आणि झुमरा उघडा ठेवला. तुमचं वाचल्यावर कळतंय की उलटं झालं.

एक भीती वाटते. तानपुरा अखंड फुकट दिला तर पैसे देईल कोण? बहुतेकांना तानपुराच तर हवा असतो.

सुपरकॉरिडॉर

ज्यांना फक्त तानपुरा हवाय ते आजही देत नाहीयेत. काळी_चार यांनी सांगितलंच, दोन फोन लावतात. त्यांच्याकडून तुमचं बुडत काहीच नाही, उलट वर्गात अ‍ॅपचं नाव तेच काढतात. तानपुरा फोनमध्येच वाजतो, सर्व्हरवर त्याचा खर्च नाही. खर्च रेकॉर्डिंगचा आहे. जिथे तुमचा खर्च वाढतो आणि त्याचीही गरज वाढते, तिथे दर लावलेला लोकांना समजतो. समजलेल्या दराबद्दल माणूस कुरकुर करेल, चिडणार नाही.

आता झुमरा कुलपात ठेवायचा तर त्याची जाणीव कशी करून द्यायची, यात खरी मेहनत आहे. तालांच्या यादीतून तो लपवू नका. बाकीच्या तालांसोबतच दिसू द्या, शेजारी लहान कुलूप. दाबल्यावर लगेच पैशाचा पडदा आणू नका. एक पूर्ण आवर्तन वाजू द्या. काका म्हणतात त्याप्रमाणे तिलवाड्याची चौसष्ट सेकंदं. सम आली की ठेका हळू आवाजात विरू द्या, आणि मग खाली एक पट्टी. पडदाभर नाही, पट्टी: 'तिलवाडा पुढे हवा असल्यास', दर आणि बटण. तानपुरा मागे चालूच राहिला पाहिजे. पैसे मागताना सूर बंद पडता कामा नये, ही एक गोष्ट लिहून भिंतीवर लावा.

दालबाजार यांनी वानगीचं सांगितलं ते इथे लागू पडतं. एक आवर्तन ही ऐकायची वानगी झाली. शिजवून बघायची वेगळी हवी. म्हणून दोन आठवडे सगळं उघडं द्या, कार्ड किंवा यूपीआय काहीही न मागता. हे अ‍ॅपच्या आतूनच करता येतं, स्टोअरच्या ट्रायलवर अवलंबून राहायला नको. मुदत संपली की काही कापलं जात नाही, माणूस आपोआप फुकट पायरीवर येतो. सात दिवस का नको? गाण्याचा क्लास आठवड्यातून दोनदा असतो. सात दिवसांत दोन क्लास, त्यात एक पाहुण्यांमुळे बुडाला की संपलं.

मर्यादा माणसाला मोजता येईल अशीही असावी. स्लॅक या ऑफिसातल्या निरोपांच्या अ‍ॅपमध्ये पूर्वी फुकट खात्यात शेवटचे दहा हजार संदेश दिसायचे. कोण मोजतो संदेश? २०२२ मध्ये त्यांनी ते बदलून नव्वद दिवस केलं. दिवस सगळ्यांना कळतात. तुमच्या रेकॉर्डिंगला 'पाचशे एमबी' असली मर्यादा लावू नका. 'शेवटचे दहा रियाज' म्हणा.

मांडवी

वडोदऱ्याहून. लहान धंद्यांचे हिशेब बघते, त्यात दोन-तीन अ‍ॅपवालेही आहेत. थोडं पैशाचं बोलते, कारण दर ठरवताना हे कोणी धरत नाही.

९९ रुपये हे तुमच्या हातात येत नाहीत. जीएसटी लागू असेल आणि ९९ त्यासकट असतील, तर १८ टक्क्यांच्या हिशेबाने मूळ रक्कम ८३.९० राहते. गूगल प्ले जानेवारी २०२२ पासून सबस्क्रिप्शनवर पहिल्या दिवसापासून १५ टक्के घेतं (त्याआधी पहिल्या वर्षी ३० होते). ते वजा केले की साधारण ७१ रुपये. अ‍ॅपलकडेही लहान विकसकांसाठी १५ टक्क्यांची योजना आहे, पण त्यात नाव नोंदवावं लागतं, आपोआप लागत नाही. माझा एक अशील वर्षभर ३० टक्के देत बसला होता.

आपोआप कापण्याबद्दल. रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झालेत. पहिल्यांदा संमती देताना ओटीपी किंवा पिन लागतो, आणि दर वेळी पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी बँकेकडून सूचना यावी लागते. यूपीआय ऑटोपे असेल तर यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती परवानगी तिथूनच रद्द करता येते, अ‍ॅपवाल्याला विचारायची गरज नाही. दालबाजार काका, तुमच्या फोनमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा भाग असेल, एकदा उघडून बघा, काही जुनं चालू राहिलंय का.

तंबोरी, मला तरी तुमच्या गिऱ्हाइकासाठी वर्षाचा, एकदाच भरायचा दर बरा वाटतो. गूगल प्लेमध्ये प्रीपेड प्लॅनची सोय आहे: वर्ष भरलं, वर्ष संपलं, पुन्हा भरायचं तर स्वतः भरा. काळी_चार म्हणते तेच. ५९९ ठेवलेत तर जीएसटी आणि १५ टक्के जाऊन ४३१ च्या आसपास उरतात. महिन्याच्या दराने बाराही महिने कोणी भरले तर ८५५ उरतील, पण बारा महिने भरणारा किती जणांत एक निघेल? आईच्या फोनवरून वर्षातून एकदा विचारणं सोपं.

आणि तुमच्या त्या बारीक फुलीबद्दल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यांच्या रचनेविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आहेत. तेरा प्रकार दिलेत त्यात. हवं ते बटण ठळक आणि नको ते फिकट ठेवणं, पुन्हा पुन्हा तेच कार्ड आणून पिच्छा पुरवणं, खोटी घाई लावणं, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्यं लिहिणं, वर्गणी बंद करायची वाट अवघड करणं, हे सगळं त्यात आहे. एकदा बसून आपला प्रत्येक पडदा त्या यादीशी ताडून बघा.

तंबोरी

मांडवी ताई, रात्री आतेभावाला शेजारी बसवून बघितलं. चार गोष्टी सापडल्या. फुली. दर दहा मिनिटांनी तेच कार्ड. 'आजच घ्या, ४८ तासांत दर वाढणार', जो कधीच वाढत नाही. आणि नकाराच्या बटणावर आम्ही लिहिलं होतं, 'नको, मला असाच अडखळत रियाज करायचाय'. लिहिताना गंमत वाटली होती. मावशीनं ते वाचलं असणार हे आता लक्षात येतंय.

चारही काढली. बटणावर आता फक्त 'आत्ता नको'.

काळी_चार

एक विचारू? डिसेंबरात तानसेन समारोह असतो, तेव्हा सवलत ठेवली तर तीही खोटी घाई होईल का? आमच्या कॉलेजातले सगळे त्या दिवसांत नुसते भारावलेले असतात. पहाटेपर्यंत ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी रियाजाला बसतात.

मांडवी

नाही. समारोहाच्या तारखा ठरलेल्या असतात. त्या दिवसांत दर कमी आणि नंतर खरोखर पूर्ववत, तर त्यात खोटं काय? मूळ दर मात्र आधी फुगवून मग कापायचा नाही.

दालबाजार

मांडवीबाई, आभार. फोन उघडून बघितला. तीन ठिकाणी परवानगी चालू होती. दोन काढल्या. एक विजेच्या बिलाची, ती ठेवली.

तंबोरी

सहा आठवड्यांनी लिहितेय. एवढे दिवस लागले कारण घरात बरीच वादावादी झाली.

तानपुरा अखंड आणि फुकट. तीनताल, दादरा, केहरवा आणि मध्यलय एकतालही फुकट. विलंबित तिलवाडा, झुमरा आणि एकतालाला कुलूप, पण एक आवर्तन पूर्ण ऐकता येतं. शेवटचे दहा रियाज सर्व्हरवर, त्याआधीचे फोनमध्येच राहतात, ते आम्ही कधीही बंद करत नाही. पहिले दोन आठवडे सगळं उघडं. दर वर्षाला ५९९, प्रीपेड. महिन्याचाही ठेवलाय, पण खाली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पट्टी कधी यावी यात. रियाज चालू असताना नाही, एवढं ठरलं. मग अ‍ॅप उघडल्यावर? आतेभावाचा आग्रह तोच होता, कारण तेव्हा सगळे बघतात. पण पहाटे उठून बसलेल्या माणसाला पहिला दिसेल तो सा असावा असं मला वाटत होतं. शेवटी रियाज संपवून 'थांबा' दाबल्यावर आणायचं ठरलं. तिथे आधी 'आज बावन्न मिनिटं' असं दिसतं, आणि त्या दिवशी कुलपातला ताल ऐकला असेल तरच खाली पट्टी येते. ऐकला नसेल तर काही नाही. आतेभाऊ अजून म्हणतो की यानं खूप जणांना आपण कधी विचारतच नाही. त्याचं खरं आहे. पण ज्यांना विचारतो त्यांच्यातले आता घेताहेत. या महिन्याचं सर्व्हरचं बिल वर्गणीतून निघालं, पहिल्यांदाच.

मावशीकडे मी स्वतः नवीन करून दिलं. तिला झुमरा हवा होता, मी म्हटलं तुला फुकट देते. ती म्हणाली, दर काय आहे ते सांग. तिच्या यजमानांच्या फोनवरून ५९९ भरायला लावले.

एक अडकलंय. काका, तुमच्यासारख्या गुरूंसाठी क्लासचा दर ठेवायचाय: गुरूंनी एकदा भरायचं, वीस विद्यार्थ्यांना विलंबित ताल उघडे. पण मधेच क्लास सोडला तर त्या मुलाचं काय करायचं? लगेच बंद करायचं की वर्ष संपेपर्यंत चालू ठेवायचं? आणि ते ठरवायचं कोणी, गुरूंनी की आम्ही?

जनकगंज

हे माझ्या हातात देऊ नकोस. सोडून गेलेल्याचा ठेका बंद करायचं बटण गुरूच्या फोनवर असलं तर रागाच्या भरात ते दाबलंही जाईल. वर्ष संपेपर्यंत चालू ठेव.

बाकीचं उद्या बोलू. सायंकाळी सहाला क्लास असतो, सोळा-सतरा पोरं येतात, त्यातली चार विलंबितापर्यंत पोचलीत. आतेभावालाही घेऊन ये. त्यांच्यासमोर झुमरा लावू आणि पट्टी कोणाला कधी दिसते ते बघू. खोलीतलं चार्जिंगचं एक बटण बिघडलंय, फोन भरून आणा.